भारद्वाजला रानकोंबडा म्हटलं म्हणून पक्षी बघणं सोडायचं का?

प्रश्न असा आहे: ग्रुपबरोबर पहिल्यांदाच पक्षी बघायला गेलो, झुडपातून काहीतरी मोठं तांबूस पळताना दिसलं, मी जोरात ओरडलो "रानकोंबडा, रानकोंबडा", सगळे धावत आले आणि निघाला भारद्वाज, सगळे खूप हसले आणि तेव्हापासून परत जावंसं वाटत नाही. तर अशा फजित्या फक्त नवीन लोकांच्या होतात का, की तुम्हा जुन्या लोकांच्या पण होतात?

होतात. मी २३ वर्षं पक्षी बघतोय, त्यातली बरीच वर्षं लोकांना सोबत घेऊन जातोय, आणि मनापासून सांगतो की जुन्या माणसाच्या जास्त होतात कारण तो जंगलात जास्त वेळ असतो आणि तो चुकला की त्याचं ऐकून मागचे पंधरा जण पण चुकतात.

आधी तुमच्या भारद्वाजाबद्दल. इंग्रजांच्या काळात भारतात नव्याने आलेले साहेब लोक बंदूक घेऊन निघायचे, झुडपातून लांब शेपटीचं तांबूस-काळं काहीतरी चालताना दिसलं की त्यांना वाटायचं फेजंट, म्हणजे रानकोंबड्याच्याच कुळातला शिकारीचा पक्षी, गोळी झाडायचे आणि हातात यायचा भारद्वाज. इतक्या जणांचं असं झालं की त्याला 'ग्रिफचा फेजंट' असं टोपणनावच पडलं, ग्रिफ म्हणजे नुकताच आलेला नवखा माणूस. क्रो-फेजंट हे त्याचं इंग्रजी नाव तर जुने लोक अजून वापरतात. तुम्ही जी चूक केलीत ती पक्ष्याच्या नावातच आहे, आणि तिला कारण आहे. भारद्वाज खरं तर कोकिळेच्या कुळातला, पण झाडाच्या शेंड्यावर न बसता जमिनीवर, झुडपाच्या बुडाशी कोंबड्यासारखा चालतो, आणि आपण पक्ष्याचं कुळ आधी त्याच्या चालीवरून ठरवतो, पिसांवरून नंतर. हसणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तरी कधी ना कधी हेच केलेलं असतं.

आता माझ्याकडचं सांगतो. एका पहाटे आम्ही १४ जण होतो, उजेड नीट फुटलेला नव्हता, एका जुन्या झाडाच्या ढोलीच्या तोंडाशी मला पिंगळा दिसला, गोल डोकं, दोन डोळे, छातीवर ठिपके, सगळं. हाताने खूण केली, सगळे जागच्या जागी थांबले, बॅगा हळूच मागच्या झाडाखाली ठेवल्या आणि पुढची ३५ मिनिटं कोणी हललं नाही. एकजण म्हणाला डोळा मिटला त्याने, दुसऱ्याने मान वळवताना बघितलं, मी पण बघितलं, आणि मी तर कुजबुजत सगळ्यांना सांगत होतो की घुबडाच्या मानेत १४ मणके असतात आणि आपल्या मानेत ७, म्हणून ते मान २७० अंशांपर्यंत फिरवू शकतं. ऊन वर आलं आणि पिंगळ्याच्या डोळ्यातून मुंग्यांची रांग बाहेर पडली. लाकडाची गाठ होती ती! सगळे पोट धरून हसले, हसत हसत बॅगा उचलायला मागे वळले तर एका ताईंच्या निळ्या बॅगेवर चुना सांडल्यासारखे ताजे पांढरे ओघळ, आणि बाजूला बोटाच्या पेराएवढ्या दोन राखाडी गोळ्या. वर बघितलं तर शिंगळा घुबडांची जोडी, एकमेकांना चिकटून, आमच्याकडे बघत बसलेली. आम्ही गाठीकडे बघत होतो तेवढा सगळा वेळ ती तिथे आमच्या डोक्यामागे होती.

ही गोष्ट मी प्रत्येक नवीन ग्रुपला सांगतो कारण यात दोन कामाच्या गोष्टी आहेत. एक म्हणजे गाठ का हलली. माझ्याकडे तेव्हा १०×४२ ची दुर्बीण होती, म्हणजे दहा पट मोठं दिसतं (४२ म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी, मिलिमीटरमध्ये), पण हाताची थरथर पण दहा पट मोठी होते, आणि अंधुक उजेडात आपण एकाच आकाराकडे टक लावून बसलो की ती थरथर आपल्याला त्या आकाराची हालचाल वाटायला लागते. शिवाय दहा पटीत भिंगातून डोळ्यात येणारा प्रकाशाचा झोत ४.२ मिलिमीटर रुंद असतो, ८×४२ मध्ये तोच ५.२५ मिलिमीटर, पहाटे हा फरक जाणवतो, मी त्यानंतर आठ पटीवर आलो तो आलोच. दुसरी गोष्ट, घुबड शोधायचं तर वर बघत फिरायचं नाही, खाली बघायचं. घुबड भक्ष्य शक्यतो अख्खं गिळतं आणि न पचलेली हाडं, केस, किड्यांची कवचं यांची गोळी करून तोंडातून टाकतं, रोज बसायची जागा ठरलेली असली की त्या फांदीखाली या गोळ्या आणि विष्ठेचे पांढरे ओघळ साठतात. आम्ही बॅगा ठेवताना कोणी जमिनीकडे बघितलं असतं तर ३५ मिनिटं खरं घुबड बघता आलं असतं.

आकाराची फसगत तर विचारूच नका. दाट धुकं, लांबच्या बांधावर खुंटावर बसलेलं प्रचंड गिधाड, पाठ वाकवून, पंख अर्धवट पसरून. सोबतचा मित्र कधी भावनिक न होणारा माणूस, त्याच्या डोळ्यात पाणी आलं कारण त्या भागात आम्ही कित्येक वर्षांत गिधाड बघितलं नव्हतं. धुकं विरळ झालं तर लांबचा बांध जेमतेम तीस मीटरवर, आणि त्यावर पंख वाळवत बसलेला पाणकावळा. धुक्यात वस्तूची कड पुसट होते, पुसट म्हणजे लांब असं मेंदू गृहीत धरतो, आणि एवढ्या लांब असून एवढं दिसतंय म्हणजे ते अवाढव्यच असणार असा हिशोब आपल्या नकळत होऊन जातो. म्हणूनच नुसतं 'मोठा' किंवा 'छोटा' कधी म्हणू नका, चिमणीएवढा, मैनेएवढा, कावळ्याएवढा, घारीएवढा असं म्हणा, आणि शेजारी मोजायला दुसरा ओळखीचा पक्षी नसेल तर आकारावर विश्वासच ठेवू नका. रिकाम्या आभाळात तर अजिबात नाही.

आवाजात मी सगळ्यात जास्त वेळा फसलोय. एकदा पूर्ण ग्रुपला थांबवून सांगितलं की शिक्रा, म्हणजे छोटा शिकारी पक्षी, आहे, ऐका, जवळ आहे. लहान पक्षी पण गप्प झाले होते त्यामुळे माझी खात्रीच पटली. सगळे शिक्रा शोधतायत, आणि समोरच्या तारेवर बसलेल्या कोतवालाने आमच्यासमोर चोच उघडून तोच आवाज काढला, मग शेपटी हलवून एक किडा पकडला आणि परत येऊन पुन्हा शिक्र्याचा आवाज. कोतवाल आणि त्याचा मोठा भाऊ भृंगराज दोघं अट्टल नकलाकार. आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटातल्या कोतवालांवर टॉम फ्लॉवर या संशोधकाने खूप काम केलंय, २०१४ मध्ये त्याचा पेपर आला, त्यात दाखवलंय की हे कोतवाल दुसऱ्या पक्ष्यांचे आणि मीरकॅट या मुंगसाच्या कुळातल्या प्राण्याचे धोक्याचे आवाज काढतात, ते बिचारे हातातलं भक्ष्य टाकून पळतात आणि कोतवाल ते उचलतो, आणि एका आवाजाला ते फसेनासे झाले की आवाज बदलून बघतो. ज्यांचा जीव तो आवाज ओळखण्यावर अवलंबून आहे ते फसतात, मग आपण फसलो यात लाज कसली. पण एक मात्र, मोबाईलवर आवाज ओळखणारी ॲप आता सगळ्यांकडे आहेत, त्यातल्या मर्लिन ॲपमध्ये ही सोय २०२१ ला आली आणि मी स्वतः ती वापरतो, पण नकलाकार पक्षी समोर असेल तर ॲप तुम्हाला ज्याची नक्कल चाललीय त्याचं नाव सांगू शकतं. ॲपने नाव दाखवलं म्हणजे ते शोधायची दिशा मिळाली इतकंच समजा, पक्षी डोळ्याने दिसेपर्यंत यादीत लिहू नका.

आणि रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून पक्षी बोलावणं. एका रात्री टेकडीच्या अलीकडे आमचा ग्रुप, घुबडाचा आवाज वाजवला, पलीकडून उत्तर आलं, परत वाजवला, परत उत्तर, आणि प्रत्येक वेळी जरा जवळून. वीस मिनिटांनी झाडीतून उत्तर देणारा समोर आला तर तो दुसऱ्या ग्रुपचा म्होरक्या, हातात स्पीकर, मागे आठ लोक, आणि ते सगळे आमच्याकडे त्याच आशेने बघत होते! त्या रात्री दोन्ही ग्रुप एकत्र बसून इतके हसले की आसपासच्या सगळ्या घुबडांना कळलं असेल. पण घरी येताना मला वाईट वाटत राहिलं, कारण त्या टेकडीवर खरंच एखादं घुबड असेल तर त्याच्या हद्दीत एकाच वेळी दोन परके घुबड भांडताना त्याने ऐकले, आणि हद्द राखायला त्याने शिकार सोडून, पिल्लं असतील तर पिल्लं सोडून धावपळ केली असणार. तेव्हापासून मी आवाज वाजवत नाही, विणीच्या दिवसात तर कोणी वाजवू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पावशा आणि शिक्रा यांचं थोडक्यात सांगतो. पावशा उडताना हुबेहूब शिक्र्यासारखा दिसतो, राखाडी पाठ, पट्ट्यापट्ट्यांची शेपटी, उडण्याची ढब पण तीच, त्याला बघून छोटे पक्षी सुद्धा घाबरून ओरडतात. बसला की चोच बघा, शिक्र्याची आकड्यासारखी वाकलेली, पावशाची सरळसर.

आता आर्लीची गोष्ट, ही मला सगळ्यात आवडते. नदीपात्रातल्या वाळूगोट्यांवरून आम्ही तिघं चाललो होतो आणि समोर एक छोटा आर्ली, चिमणीपेक्षा जरा मोठा, एक पंख जमिनीवर फरफटत, केविलवाणा ओरडत, पडत, उठत. आमच्यातला एकजण जखमी प्राण्यांना वाचवायचं काम करतो, त्याने लगेच जॅकेट काढलं आणि निघाला त्याच्या मागे. पक्षी दहा पावलं पुढे जायचा, पडायचा, हा जवळ गेला की परत दहा पावलं, असं करत करत जॅकेट पसरून वाकलेला माणूस आणि मोडका पंख ओढणारा आर्ली दोघं पार वळणापर्यंत गेले, मध्ये हा एकदा पाण्यात पडला पण जॅकेट वर धरून. वळणावर आर्ली थांबला, दोन्ही पंख नीट झटकले आणि सुरेख उडून आमच्या डोक्यावरून परत आला. त्याची घरटी म्हणजे गोट्यांमधला नुसता खळगा, अंडी गोट्यांसारखीच, आणि शत्रू जवळ आला की त्याला लांब नेण्यासाठी पंख मोडल्याचं हे नाटक, रातवा सुद्धा असं करतो. म्हणजे त्याच्या हिशोबाने आम्हीच कोल्हे होतो. तेव्हा आम्ही दोघं जिथे उभे होतो तिथूनच हललो नाही, मित्राला लांबून ओरडून सांगितलं पात्रातून येऊ नको, काठावरून ये, आणि आमच्याच पावलांच्या ठशांवर पाय ठेवत उलटे बाहेर आलो, कारण अंडी नेमकी कुठे होती ते आम्हाला दिसलंच नव्हतं. तुम्हाला असा पंख मोडलेला पक्षी दिसला तर हेच करा, आणि लवकर करा, तापलेल्या वाळूत आईबापांची सावली नसेल तर अंडी बघता बघता शिजतात. टिटवी तर उन्हाळ्यात पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार ठेवते. ती टिटवी डोक्यावर झेपा घालून तुमची टोपी उडवत असेल तर हसा, पण तिथून निघा.

कावळ्यांचं वेगळंच. सिॲटलला वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ यांनी २००६ मध्ये आदिमानवाचा मुखवटा घालून काही कावळे पकडले, कड्या घालून सोडून दिले, आणि नंतर तो मुखवटा घालून कोणीही फिरलं की कावळे त्याच्यावर ओरडत मागे लागायचे, वर्षानुवर्षं, आणि ज्यांना कधी पकडलंच नव्हतं ते सुद्धा शिकून घ्यायचे. आमच्या एका सोबत्याने घरट्यातून पडलेलं कावळ्याचं पिल्लू उचलून फांदीवर ठेवलं, चांगलं काम केलं, पण पुढे कित्येक महिने तो त्या वाटेने आमच्यासोबत आला की आमचं पक्षी बघणं संपलं, कारण सगळ्या जंगलाला बातमी लागायची की तो माणूस आलाय. शेवटी त्याला दुसऱ्या वाटेने पाठवायला लागलो.

विष्ठा आणि उलटी यावर लोक लाजून बोलत नाहीत पण बोलायला पाहिजे. बगळ्यांच्या वसाहतीखाली उभं राहू नका, एवढंच. घाबरलेली पिल्लं पोटातलं अर्धवट पचलेलं सगळं खाली टाकतात, मला ते एकदा उघड्या दुर्बिणीवर मिळालंय आणि तो वास दुर्बिणीच्या पट्ट्यातून शेवटपर्यंत गेला नाही, पट्टा बदलला. उत्तरेकडच्या समुद्रातला फुलमार पक्षी तर चिकट दुर्गंधी तेल नेम धरून थुंकतो, त्याच्या नावाचा अर्थच घाणेरडा कुरव असा आहे. आणि पेंग्विन घरट्यातून न उठता विष्ठा सुमारे ४० सेंटिमीटर लांब कशी फेकतात, त्याला किती दाब लागतो याचा दोन शास्त्रज्ञांनी रीतसर हिशोब मांडला, त्याला २००५ चा इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला मिळणारा पुरस्कार, मिळाला.

चालता चालता दुर्बीण डोळ्याला लावून खड्ड्यात, ओढ्यात, काटेरी कुंपणात गेलेले लोक मी मोजणं सोडलंय. थांबा, मग दुर्बीण वर करा. पण चिखलाची एक गोष्ट सांगायलाच हवी. तळ्याच्या काठी शेकाट्यांचा थवा होता, एक मैत्रीण फोटोसाठी जरा पुढे गेली आणि गुडघ्यापर्यंत आत. पाय निघेना, आम्ही फांदी शोधायला पळालो, तिला सांगितलं हलू नको, जितकी धडपड तितकी आत जाशील. आम्हाला यायला वीस-पंचवीस मिनिटं लागली. येऊन बघतो तर ती पुतळ्यासारखी उभी, आणि ते शेकाटे, ज्यांनी आम्हाला कधी पन्नास मीटरच्या आत येऊ दिलं नव्हतं, तिच्यापासून पाच-सहा फुटांवर चरत होते, एक तुतवार शेपटी नाचवत तिच्या अगदी समोरून गेला. ती ओठ न हलवता म्हणाली "येऊ नका, अजून दहा मिनिटं द्या". दिली. पक्ष्यांना माणूस जवळ असण्यापेक्षा माणूस जवळ येत असण्याची जास्त भीती वाटते, आणि गुडघ्यापर्यंत रुतलेला माणूस कुठे येऊ शकत नाही. तिचे त्या दिवसाचे फोटो आमच्या सगळ्या ग्रुपमधले सर्वात चांगले आहेत, आणि तेव्हापासून आम्ही काठावर जाऊन बसतो आणि पक्ष्यांना येऊ देतो, कोरड्या जागी अर्थात.

आता हसण्याबद्दल, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. गाठीला पिंगळा म्हणणं ही फजिती आहे, ती संध्याकाळी सांगितली की सगळे हसतात आणि सगळे शिकतात. पण ती गाठ मी यादीत पिंगळा म्हणून तशीच ठेवली असती तर ते नुकसान झालं असतं. रानपिंगळा या घुबडाचं बघा ना. १८८४ नंतर तो खात्रीलायक कोणाला मिळालाच नव्हता, आणि मधल्या काळात रिचर्ड मेनर्ट्झहागन या माणसाचा एक नमुना, म्हणजे संग्रहात जपून ठेवलेला मेलेला पक्षी, होता, १९१४ मध्ये गुजरातेत मांडवीजवळ गोळा केला अशी त्याची नोंद. लोक त्या नोंदीवर विसंबून तिथे शोधत राहिले. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला तर तो ब्रिटिश म्युझियममधून चोरलेला, जुनाच, नवीन चिठ्ठी लावलेला निघाला. मग ती नोंद बाजूला ठेवून जुन्या खऱ्या जागांवर शोध घेतला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला, ११३ वर्षांनी, आणि तोही भर दिवसा उघड्या फांदीवर. चुकून चुकणाऱ्यांनी पक्षीशास्त्राचं असं काही बिघडवलेलं नाही.

म्हणून तुम्ही परत जा. वही न्या, त्या दिवशीच्या पानावर रानकोंबडा खोडून भारद्वाज लिहिलं असेल तर ते खोडलेलं तसंच राहू द्या, बाजूला लिहा की का वाटलं: तांबूस, जमिनीवर, लांब शेपटी. माझ्या वहीत अशी पानं भरपूर आहेत आणि नवीन लोकांना शिकवताना मी तीच आधी उघडतो. नाव लिहायच्या आधी जे दिसलं ते लिहायची सवय लावा, पुस्तक नंतर उघडा, कारण पुस्तकातलं चित्र एकदा बघितलं की डोळ्याने न बघितलेले पट्टे पण बघितल्यासारखे वाटायला लागतात.

आणि भारद्वाज पुन्हा दिसेल, नक्की दिसेल, तेव्हा पंख तांबूस पण डोकं, छाती आणि शेपटी काळीभोर आहे ना ते बघा, आणि डोळा बघा, मोठ्या झालेल्या भारद्वाजाचा लालभडक असतो. मग जरा थांबून ऐका. तो खोल घुमणारा हूप हूप हूप काढेल आणि बऱ्याचदा लांबून दुसरा त्याला जरा वेगळ्या पट्टीत उत्तर देईल, जोडीतला असतो तो.